पाणी प्यायलेले लाकूड

श्रावण लागला होता, नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती आणि मामांच्या गावच्या खाडीकाठी एक लाकडी होडी पाण्यात लोटायची तयारी चालली होती. वैशाखाच्या अखेरीस वर ओढून झावळ्यांनी शाकारलेली ती होडी पावसाळाभर कोरड्यात होती. त्या काळात मेस्त्रींनी तिच्या दोन कुजक्या फळ्या बदलल्या होत्या, सगळे सांधे खरवडून त्यांत नवा कापूस ठासला होता आणि बाहेरून-आतून तेलाचे हात दिले होते. ओंडक्यांवरून सरकत सरकत ती खाडीत उतरली, काठावर नारळ फुटला, आणि काही क्षणांतच आतल्या बाजूने फळ्यांच्या सांध्यांवर पाण्याचे मणी दिसू लागले. मण्यांच्या धारा झाल्या. थोड्या वेळाने तळाशी वीतभर पाणी साचले. एवढ्या मेहनतीचे काम वाया गेले असे वाटून मी अस्वस्थ झाले आणि भोवतालच्या माणसांच्या चेहऱ्यांकडे पाहिले, तर होडीचा मालक दोर आवळून बांधण्यात गुंतलेला आणि मेस्त्री हत्यारे गोणत्यात भरत असलेले. मी विचारल्यावर ते म्हणाले, “पिवांदे गो बाय पाणी. तहानलेली हा ती. उद्या बघ, एक थेंब येवचो नाय.” मग सगळे चहाला निघून गेले आणि अर्धी भरलेली ती होडी तशीच दोराला डुलत राहिली.

दुसऱ्या दिवशी तळातले पाणी उपसले, ते पुन्हा भरले नाही. मेस्त्रींचे म्हणणे खरे ठरले होते, तरी माझ्या मनातली टोचणी गेली नाही. पाणी बाहेर ठेवण्यासाठी माणसे महिनोन्महिने राबतात आणि पहिल्याच दिवशी त्याच पाण्याला आत येऊ देतात, हे मला कितीतरी दिवस पटत नव्हते.

त्यामागचे कारण तसे आपल्या घरातलेच आहे. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत बसते आणि उन्हाळ्यात त्याच दाराच्या फटीतून ऊन आत येते. लाकूड ओलाव्याने फुगते ते आडवे, म्हणजे रुंदीत. लांबीत त्याचा फरक जवळजवळ पडत नाही. होडीच्या फळ्या आडव्या, एकीवर एक अशा लावलेल्या असतात. होडी कोरड्यात राहिली की प्रत्येक फळी रुंदीला किंचित आक्रसते आणि दोन फळ्यांमध्ये फट पडते. ती पाण्यात गेली की फळ्या पाणी शोषतात, त्यांच्या कडा एकमेकींवर दाबल्या जातात आणि मधला कापूस आवळला जाऊन सांधा बंद होतो. सांधा मिटवण्याचे अर्धे काम मेस्त्री करतात आणि उरलेले अर्धे पाणी करते. म्हणूनच ठासलेला कापूस फार घट्ट असून चालत नाही. तसा असला तर फुगणाऱ्या फळ्यांना जागा राहत नाही, त्या एकमेकींना रेटू लागतात आणि तो रेटा खिळ्यांवर आणि आतल्या वाकांवर, म्हणजे होडीच्या बरगड्यांवर, येतो. सैल असला तर तो पहिल्या लाटेबरोबर निघून जातो. या दोन्हींच्या मधला नेमका घट्टपणा कोणत्याही मापाने सांगता येत नाही.

तो मी जवळून पाहिला आहे. मेस्त्री कापसाची वात मांडीवर वळत, तिला तेलाचा हात लावत, सांध्याच्या तोंडाशी धरत आणि बोथट पटाशीने तिचा एक छोटा वेढा आत ढकलत. मग पुढचा वेढा, मग त्याच्या पुढचा. सांधा जिथे रुंद असेल तिथे वेढे दाट पडत, अरुंद असेल तिथे वात जवळजवळ सरळ जाई. हातभर वात अशी बसवून झाली की ते मोगरी घेऊन पुन्हा सुरुवातीपासून ठोकत येत आणि त्या वेळी त्यांचे लक्ष डोळ्यांपेक्षा कानांवर असे. पोकळ वाजणारी मोगरी हळूहळू भरीव वाजू लागे. तो आवाज बदलला की त्यावर एकही जादा ठोका पडत नसे. शेजारी रेडिओ चालू असला की ते तो बंद करायला लावत.

त्या वेळेपासून होड्यांबद्दल जे हाती लागेल ते मी वाचत गेले आणि त्या वाचनात मुंबईत बांधलेली एक होडी मला भेटली. तिचे नाव ‘सुहैली’. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश व्यापारी जहाजांवर नोकरी करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण अधिकाऱ्याने ती मुंबईत बांधून घेतली. विल्यम ॲटकिन या अमेरिकन रचनाकाराने विसाच्या दशकात काढलेला ‘एरिक’ नावाचा नकाशा त्याच्या हाती आला होता. नॉर्वेच्या खवळलेल्या समुद्रात जीव वाचवायला निघणाऱ्या होड्यांच्या वळणाची, दोन्ही टोकांना निमुळती, जड आणि दणकट अशी ती रचना होती. मुंबईच्या सुतारांनी ती अस्सल सागवानात उतरवली, आणि तीही वाकसाने तासून आणि दोरीने फिरवायच्या सामत्याने भोके पाडून. जेमतेम बत्तीस फुटांची ही होडी १९६४ च्या अखेरीस पाण्यात उतरली. तिच्याही नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळच फोडला होता.

पुढची गोष्ट नौकानयनात रस असलेल्या सगळ्यांना माहीत आहे. १४ जून १९६८ रोजी नॉक्स-जॉन्स्टन इंग्लंडमधल्या फालमथहून एकटा निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, त्याच बंदरात परतला. ही एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत होती; तीत नऊ जण उतरले होते आणि ती पूर्ण करणारा तो एकटा होता. मला मात्र त्या प्रवासातला एक प्रसंग साऱ्या विक्रमाहून मोठा वाटतो. अटलांटिकमध्येच सुहैलीत पाणी येऊ लागले. पठाणाला, म्हणजे होडीच्या तळकण्याला, लागून असलेल्या पहिल्या फळीचा सांधा उघडला होता. भर समुद्रात होडी वर ओढणार कुठे? तो पाण्याखाली उतरला आणि श्वास पुरेल तेवढाच वेळ खाली राहून सांध्यात कापूस ठासू लागला. कापूस ठरेना. मग त्याने वर येऊन कापसाची वात कॅनव्हासच्या लांब पट्टीवर शिवली, तिला डांबर लावले आणि ती पट्टी सांध्यावर तांब्याच्या खिळ्यांनी ठोकली, त्यावर तांब्याचा पत्रा मारला. ती डागडुजी टिकली. हे वाचताना मला मेस्त्रींचे वात वळणारे हात आठवत राहिले. तेच साहित्य आणि तीच रीत. फरक इतकाच की इथे पायाखाली वाळू होती आणि तिथे काहीच नव्हते.

आणि एवढा समुद्र पचवलेल्या या होडीला धोका निर्माण झाला तो कोरड्या छपराखाली.

नव्वदच्या दशकात सुहैली ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवली गेली. तिथली हवा कागदपत्रांना, चित्रांना, गणवेशांना मानवेल अशी राखलेली होती. त्या हवेत सुहैलीच्या फळ्या आक्रसू लागल्या आणि सांधे उघडू लागले. दक्षिण महासागराच्या लाटांनी जे केले नव्हते ते काळजीने राखलेल्या त्या हवेने करायला घेतले. मला यात संग्रहालयाची चूक दिसत नाही. त्यांनी एका मौल्यवान वस्तूला जसे जपावे तसेच तिला जपले. पण होडी ही त्या अर्थाने वस्तू नसते. तिचे लाकूड, तिचे खिळे, तिचा कापूस हे सगळे पाण्याचा दाब आणि ओलावा गृहीत धरून एकत्र आलेले असतात, आणि पाणी काढून घेतले की त्या रचनेतला एक मुख्य भाग काढून घेतल्यासारखे होते. २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टनने तिला तिथून बाहेर काढले. नंतर कित्येक वर्षे त्याने तिच्यावर काम केले, त्यातले बरेचसे स्वतःच्या हातांनी, सत्तरी उलटल्यावर. २०१६ मध्ये सुहैली पुन्हा पाण्यात उतरली आणि २०१८ च्या जून महिन्यात, निघाल्याला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, फालमथच्या पाण्यात ती शिडे उभारून हजर होती.

मुंबईच्या सागवानाची अशी आणखी एक साक्ष इंग्लंडमध्येच आहे. हार्टलपूलच्या गोदीत ‘ट्रिंकोमाली’ नावाचे लढाऊ जहाज तरंगते आहे. ते वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधले आणि १८१७ मध्ये पाण्यात लोटले. पारशी रिवाजाप्रमाणे जमशेटजी बमनजी वाडियांनी त्याच्या पठाणात चांदीचा खिळा ठोकला होता. ओक लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे झिजतात, सागाच्या तेलकटपणामुळे ते टिकतात, आणि मुंबईच्या जहाजांना मागणी असण्याचे ते एक मोठे कारण होते. १९९० ते २००१ या काळात त्याची पुनर्बांधणी झाली. दोनशेहून अधिक वर्षे झाली तरी हे जहाज पाण्यावर आहे, आणि लाकडी जहाजाला हीच जागा सर्वांत सुरक्षित आहे असे माझे आता ठाम मत झाले आहे.

आपल्या किनाऱ्यावर सांध्याचा विचार याहूनही वेगळ्या तऱ्हेने झाला होता. मालवण-गोव्याकडच्या रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, जुन्या होड्या काथ्याने शिवलेल्या असत. फळ्यांच्या कडांना ओळीने भोके पाडायची, सांध्यावर आतून नारळाच्या तंतूंची गादी ठेवायची, तिच्यावरून काथ्याचे टाके आवळत न्यायचे आणि भोके राळेने बुजवायची. खिळ्याने जोडलेली होडी ताठ असते. शिवलेली होडी किंचित लवते. रापणीची होडी रोज लाटा फुटतात त्या जागेतून वाळूवर येणारी, वाळूवरून पुन्हा पाण्यात जाणारी. प्रत्येक वेळी तिच्या तळाला आपटा बसतो. तो आपटा टाके वाटून घेतात, कोणत्या एका खिळ्यावर तो येत नाही. काथ्या खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही, पण कधीतरी कुजतोच, आणि तेव्हा होडी उसवून पुन्हा शिवायची. उसवणे हा तिथे मोडतोडीचा भाग नव्हता, देखभालीचा होता.

ही विद्या संपली असे मी समजत होते. मग गोव्यात ‘कौंडिण्य’ नावाचे शिवलेले शिडाचे जहाज उभे राहिले. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून घेतलेला आकार, सप्टेंबर २०२३ मध्ये पठाण बसवले आणि केरळचे बाबू शंकरन व त्यांचे सहकारी यांनी हजारो टाके घालून फळी फळीला शिवली. जुन्या जहाजाचा कोणताही नकाशा उपलब्ध नसल्याने आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागात त्याच्या प्रतिकृतीच्या चाचण्या घेतल्या गेल्या. २१ मे २०२५ रोजी ते कारवारला नौदलात दाखल झाले, डिसेंबरअखेरीस पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. त्याची छायाचित्रे पाहताना माझी नजर शिडांवरच्या चिन्हांकडे गेली नाही. मी टाके पाहत होते. एकेका टाक्याला दोन माणसे लागतात, एक आतून आणि एक बाहेरून, आणि दोघांची ओढ सारखी लागते. असे काम शिकायचे तर ते करणाऱ्याच्या समोर बसावे लागते, त्याला दुसरा मार्ग नाही.

विशेष म्हणजे कौंडिण्य ज्या रत्नाकर दांडेकरांच्या हाताखाली तयार झाले, त्यांनीच पूर्वी दिवाडी बेटावर ‘म्हादेई’ बांधली होती, आणि म्हादेईची तऱ्हा अगदी उलट आहे. निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी ध्यास घेतला होता की भारतीयाने भारतात बांधलेल्या शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. त्या ध्यासातून ही छप्पन्न फुटी होडी आली. डच नकाशावरून सीडर लाकडाच्या अरुंद पट्ट्या कडेला कड चिकटवून तिचे अंग घडवले आणि आतून-बाहेरून इपॉक्सी व काचतंतूंचे थर देऊन ते लाकूड कायमचे बंद केले. इथे लाकडाने पाण्याचा थेंबही पिता कामा नये, अशीच सगळी योजना. ती पुरी होताना नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे गोव्यात राहिले, बांधणीत हात घातला, प्रत्येक नळी आणि तार कुठून जाते ते जाणून घेतले, आणि २००९-१० मध्ये तिच्यातून पृथ्वीला वळसा घालून आले. त्यानंतर २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच होडीतून कुठेही न थांबता फिरून आले. जी होडी समुद्रात एकट्याने दुरुस्त करायची आहे तिचे पोट आधी उघडे असताना पाहिलेले असावे, हा दोंदेंचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

एकाच माणसाच्या हाताखाली पाण्याला सर्वस्वी नाकारणारी होडी तयार झाली आणि पाण्याला सामावून घेणारेही जहाज तयार झाले. यांतले श्रेष्ठ कोणते हा प्रश्न मला पडत नाही. पडतो तो दुसराच. या दोन्ही रीती आपापल्या जागी पूर्ण आहेत, पण आमच्या खाड्यांवर गेल्या काही वर्षांत त्यांची जी अर्धवट सरमिसळ झाली आहे तिचे काय करायचे? दरवर्षी कापूस ठासणे, तेल देणे, शाकारणे परवडत नाही म्हणून अनेकांनी जुन्या लाकडी होडीवर बाहेरून फायबरचे कातडे चढवून घेतले. पहिली दोन वर्षे होडी नव्यासारखी चकचकीत दिसते. पण आतले लाकूड फुगायचे आणि आक्रसायचे थांबत नाही, आणि वरचे ताठ कातडे त्याच्याबरोबर हलू शकत नाही. कुठेतरी बारीक तडा जातो, त्यातून पाणी आत शिरते आणि आता त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. लाकूड आतल्या आत कुजत जाते आणि मालकाला ते कळते तेव्हा पाय आत जातो. अशा होड्या मी काठांवर पाहिल्या आहेत. बाहेरून धड, आतून भुसा. त्यांच्याकडे पाहून मला जितके वाईट वाटते तितके उघड्यावर विरघळत चाललेल्या साध्या लाकडी होडीकडे पाहून वाटत नाही.

मासेमाऱ्यांना दोष द्यावा असे यात काही नाही. सागाचा भाव, मेस्त्रींची मजुरी आणि बंदीचे दोन महिने संपताच समुद्रावर जाण्याची घाई या तिन्हींचा हिशोब त्यांना दरसाल मांडावा लागतो. निखळ फायबरची होडी हलकी, तिला तहान नाही, चार माणसांत ती वर ओढता येते. मी त्यांच्या जागी असते तर तीच घेतली असती. तरीही त्या श्रावणातली टोचणी कशाची होती ते मला आता उमगते. मला गळती म्हणजे हार वाटली होती. मेस्त्रींना ती कामाची शेवटची पायरी वाटत होती, आणि ती पायरी ओळखण्याइतका विश्वास त्यांना स्वतःच्या हातांवर होता. होडीबरोबर नाहीसा होतो आहे तो हा विश्वास, आणि तो संग्रहालयात ठेवता येत नाही.

मेस्त्रींचा मुलगा आता फायबरच्या होड्या करतो. गेल्या दिवाळीत त्याच्या शेडमध्ये गेले तर वडिलांनी बांधलेली एक जुनी होडी तिथे पालथी घातलेली होती. सगळे सांधे लुकणाने भरून, घासून, मेण चोपडून तिला आरशासारखी केली होती, कारण तिच्यावर थर चढवून तो साचा काढणार होता. म्हणजे या किनाऱ्यावर यापुढे तरंगणाऱ्या त्याच्या प्रत्येक होडीचे वळण वडिलांच्या वाकसाने तासलेलेच असेल. मला हे फार समाधानाचे वाटले आणि मी तसे बोलूनही दाखवले. पण मेस्त्री समाधानी नव्हते. जुनी होडी शिडासाठी बांधलेली, तिची मागची बाजू निमुळती. आता तिथे यंत्र लटकणार, त्याच्या वजनाने ती मागे बसणार आणि नाळ उचलली जाणार, तेव्हा मागून चार बोटे रुंदी वाढवल्याशिवाय साचा काढू नये असे त्यांचे म्हणणे होते. मुलगा म्हणत होता की आता घासून झाल्यावर पुन्हा लाकूड जोडायचे म्हणजे महिना जाईल आणि दोन गिऱ्हाइकांनी आगाऊ पैसे दिले आहेत. “मागच्यान बसली तर ती गिऱ्हाइकां तुकाच इचारतली,” मेस्त्री म्हणाले. खडूने त्यांनी होडीच्या मागच्या अंगावर एक रेघ मारली, थोडी लांबून पाहिली, पुसली आणि बोटभर आत घेऊन पुन्हा मारली. मुलाने टेप आणला. दोन्ही बाजूंना माप सारखे भरते का ते पाहायला मला त्याचे दुसरे टोक धरायला सांगितले, आणि मग लाकूड कोणते वापरायचे, फणस की साग, यावर त्या दोघांची जुंपली.